साडेसातची उत्तरं

प्रियदर्शिनीने दोन बोटांनी फोटो मोठा केला आणि तिसऱ्या गणितापाशी थांबली. शेकडेवारीचं गणित, गेले चार दिवस हमखास चुकणारं. आज ते बरोबर आलं होतं. नुसतं बरोबर नाही, तर उत्तराखाली पट्टीने दोन रेघा मारलेल्या. तिने हिरवी खूण टाकली आणि लिहिलं, ‘शाब्बास सेजल! जमलं की नाही?’

मिनिटभरात उत्तर आलं. ‘हो मॅडम.’

साडेसात वाजून दोन मिनिटं झाली होती. खाली महाडच्या बाजारात भाजीवाल्या टोपल्या आवरत होत्या, आणि तिच्या ओट्यावर पोळ्यांची कणीक मळून पडली होती. तिने फोटो आणखी एकदा पाहिला. कागद नेहमीसारखाच पाठकोरा होता, मागच्या बाजूच्या छापील रकान्यांच्या रेघा पुसटशा उमटलेल्या. गरीब घरची मुलगी, कुठलेतरी वापरलेले कागद जपून वापरते, याचं प्रियदर्शिनीला कौतुक वाटायचं. एकदा तर तिने वर्गात मुलांना तो कागद दाखवून वह्यांची पानं फाडण्याबद्दल चांगलं पाऊण तासाचं व्याख्यान दिलं होतं.

ग्रुपचं नाव ‘भरारी’. महाड आणि पोलादपूर तालुक्यांतल्या अकरा शाळांच्या सातवीतल्या एकतीस मुली त्यात होत्या. म्हणजे कागदोपत्री होत्या. डोंगरातल्या वाड्यांवर शाळा सातवीपर्यंतच. पुढचं हायस्कूल खाली, रोजच्या चालण्यापलीकडे. मुलगे कसेतरी जातात, मुंबईला काकाकडे राहतात. मुलींचं शिक्षण मात्र सातवीच्या निकालाबरोबर आटोपतं आणि त्याबद्दल कुणी फारसं रडतही नाही. त्यातून सुटण्याची एक वाट होती: मुलींच्या निवासी शाळेची निवड चाचणी. जागा बारा. राहणं, जेवण, दहावीपर्यंतचं शिक्षण सगळं तिथेच. त्या चाचणीची तयारी मोबाईलवरून करून घ्यायची, ही कल्पना केंद्रप्रमुख अनिल सरांची आणि घाम प्रियदर्शिनीचा. रोज पाच वाजता दहा मिनिटांचा व्हिडिओ, खाली पाच प्रश्न, आठपर्यंत उत्तरांचे फोटो.

पहिल्या महिन्यात ग्रुपवर अभ्यास सोडून सगळं आलं. सुप्रभातचे गुलाब आले, आरत्या आल्या, कुणाच्या तरी मामाने जुनी मोटरसायकल विकायला काढली. मग वैतागून तिने नियम टाकला: ‘सलग तीन दिवस उत्तरं न आल्यास विद्यार्थिनीचं नाव कमी केलं जाईल.’ आणि तिने तो पाळला. अंगठ्याच्या एका दाबाने एकेक करत नऊ नंबर गेले. ग्रुप कसा स्वच्छ झाला. अनिल सर म्हणाले, ‘‘शिस्त लागते हो, शिस्त.’’

उरलेल्यांत पहिला नंबर सेजलचा. कुडपणच्या वाटेवरच्या कोंडमाळ नावाच्या वाडीतली ही मुलगी प्रियदर्शिनीने कधी पाहिली नव्हती, पण रोज साडेसातला तिची वाट मात्र पाहायची. सुरुवातीला पाचातलं एक बरोबर यायचं. मग दोन. अपूर्णांकांनी तिला आठवडाभर छळलं, पण तिने एक दिवस चुकवला नाही. शिकवणाऱ्याला आणखी काय हवं असतं? हुशार मुलं काय, आपली आपण शिकतात. चुकत चुकत वर येणारं मूल मिळालं की शिक्षकाला आपण जिवंत असल्यासारखं वाटतं.

चाचणीच्या आधीच्या सोमवारी अनिल सरांचा फोन आला. शनिवारी शिक्षण परिषद होती आणि ‘समाजमाध्यमांतून शिक्षण’ या विषयावर त्यांना बोलायचं होतं.

‘‘तुमची ती कोंडमाळची मुलगी. तिचा दोन मिनिटांचा व्हिडिओ करू. डोंगर, कौलारू घर आणि तिच्या हातात मोबाईल. उद्याच जाऊन येऊ.’’

प्रियदर्शिनीने रात्रीची भाजी करताना दोनदा मीठ घातलं, इतकी ती खुशीत होती. सकाळी तिने सेजलसाठी कंपासपेटी घेतली.

पोलादपूरहून जीप वर निघाली तशी मोबाईलवरची रेंज एकेक दांडी करत उतरू लागली. शेवटच्या वळणावर ती पूर्णच गेली. प्रियदर्शिनीने मोबाईल हलवून पाहिला.

‘‘सर, इथे रेंजच नाही.’’

‘‘वाडीत असेल कुठेतरी. त्याशिवाय ती रोज पाठवते का?’’

ते खरंच होतं. 

वाडीत तीस-एक घरं, त्यातली निम्मी कुलूपबंद. शाळेचे गुरुजी प्रशिक्षणाला गेले होते. सेजलचं घर एका म्हाताऱ्याने काठीने दाखवलं. अंगणात तिची आई सोनाली डोक्यावरचा कवळाचा भारा टाकत होती. भाताच्या रोपांसाठी जमीन भाजायची, त्या राबासाठी तोडलेल्या ओल्या फांद्यांचा ढीग घराइतका उंच झाला होता. तिच्यामागून तसाच, जरा लहान भारा घेऊन एक मुलगी आली. भाऱ्याखाली चेहरा दिसत नव्हता, फक्त हडकुळे पाय. भारा खाली पडला तेव्हा सेजल दिसली.

‘‘मी प्रियदर्शिनी मॅडम,’’ ती म्हणाली. ‘‘भरारीवाली.’’

मुलीने आईकडे पाहिलं. आईचे डोळे मोठे झाले.

‘‘अगो बाय, मॅडम तुमी? सेजल, पानी आन गो. बसा, बसा. ह्यांनी सांगितलं व्हतं, मॅडम लय चांगल्या हायत म्हनून.’’

अनिल सर ऊन कुठून येतंय ते बघत अंगणात फिरत होते. म्हणाले, ‘‘इथे ओट्यावर बसवू तिला. सेजल, मोबाईल घेऊन ये बाळ. ज्याच्यावर अभ्यास करतेस तो.’’

सेजल पाण्याचा तांब्या धरून तशीच उभी राहिली.

‘‘मोबाईल ह्यांच्याजवल हाय,’’ सोनाली म्हणाली. ‘‘मुंबयला.’’

‘‘मुंबईला?’’

‘‘बिल्डिंगीत वॉचमन हायत ना. आमचा ह्यो बटनांचा. तो बी वरच्या टेपावर, त्या टेकाडाला गेलं तं लागतो, नायतर नाय.’’

कोंडमाळमध्ये चार मोठे मोबाईल होते. चारही गणपतीला यायचे आणि गणपतीबरोबर जायचे. गुरुजींनी फॉर्मवर पालकांचा व्हॉट्सअ‍ॅप नंबर मागितला, तेव्हा वाडीतल्या प्रत्येक घराने जे केलं असतं तेच या घरानेही केलं. जो नंबर होता तो दिला. त्या नंबराचा माणूस दोनशे किलोमीटरवर कुणाच्यातरी फाटकाशी बसलेला असतो, हे फॉर्मवर लिहायला जागाच नव्हती.

‘‘मग उत्तरं?’’ प्रियदर्शिनीने विचारलं. तिला ते कळलं होतं, तरी विचारलं.

‘‘हेच लिवतात. ड्युटीला जायच्या आदी. पैल्यांदा फोनवर सांगत व्हते हिला, पन टेपावर उभं राहून किती लिवनार? निम्म्यात कट व्हायचं. मंग तुमी टाकलंत, तीन दिस उत्तर नाय तं नाव काढनार. लय घाबरले ते. पोरीचं नाव गेलं तं चाचनीला बसू देनार नाय, म्हनाले. माज्या भावाच्या पोराचं पटावरचं नाव असंच गेलं व्हतं, ते काय परत लागलं नाय. मंग हे बोलले, मी लिवतो, नाव तं ऱ्हाईल.’’ बोलता बोलता ती हसली. ‘‘सातवी पास हायत ते. काल तुमी शाब्बास दिलीत ना, तं रातच्याला टेपावर गेले तवा फोनवर सांगितलं. पोरासारखं करतात.’’

मागच्या बाजूच्या छापील रकान्यांत काय असणार ते आता प्रियदर्शिनीला कळलं. गाडी नंबर, फ्लॅट नंबर, आत येण्याची वेळ.

‘‘आणि सेजलचा अभ्यास?’’

‘‘पप्पा वही करतायत,’’ सेजल पहिल्यांदाच बोलली. ‘‘तुमचे सगले व्हिडिओ वहीत उतरवलेत. शिमग्याला येतील तवा आननार हायत. मंग मी सगलं वाचनार.’’

चाचणी येत्या रविवारी होती. शिमगा मार्चात.

प्रियदर्शिनीला ओरडावंसं वाटलं, पण ओरडायचं कुणावर? तिने काढून टाकलेले नऊ नंबर तिला आठवले. त्यांच्यामागे कुठल्या वाड्या होत्या, कुठली फाटकं होती, तिने कधी विचारलंच नव्हतं. शिस्त लागते हो, शिस्त.

अनिल सर वाईट माणूस नव्हते. ते ओट्याच्या कडेला टेकले. मग घड्याळ बघून उठले.

‘‘आता आलोच आहोत तर शूट करून घेऊ. माझा मोबाईल देतो तिला. मॅडम, तुमचा एखादा व्हिडिओ आहे माझ्यात डाऊनलोड केलेला. तुम्ही तुमच्या मोबाईलवर घ्या.’’

‘‘सर, अहो पण—’’

‘‘पत्रिका छापून झाली आहे मॅडम.’’

सेजलला ओट्यावर बसवलं. तिने केसांवरून ओला हात फिरवला, पाय फ्रॉकखाली ओढून घेतले. सरांनी तिच्या हातात मोबाईल दिला, तो तिने दोन्ही हातांनी, भरलेला तांब्या धरावा तसा धरला. व्हिडिओ सुरू झाला. शेकडेवारीचा. रंगूबाई महाडच्या बाजारात एकशे वीस आंबे घेऊन जाते, वाटेत वीस टक्के नासतात.

‘‘अशी बघ. हां. आता थोडं हस. कॅमेऱ्याकडे नाही, मोबाईलकडे.’’

ती हसली नाही. तिने कॅमेऱ्याकडेही पाहिलं नाही. मोबाईलमधली प्रियदर्शिनी फळ्यावर भागाकार मांडत होती आणि सेजलचं उजव्या हाताचं बोट मांडीवर तोच भागाकार मांडत होतं. ‘किती आंबे नासले?’ मोबाईलमधून प्रश्न आला.

‘‘चोवीस,’’ सेजल म्हणाली. मोबाईलमधली प्रियदर्शिनी उत्तर सांगायच्या आधी.

‘‘झकास! मिळाला शॉट,’’ सर म्हणाले. ‘‘दे बाळ.’’

सेजलने मोबाईल दिला नाही. वर न बघता म्हणाली, ‘‘थोडं ऱ्हायलंय.’’

जीपवाल्याने खालून हॉर्न दिला. त्याला दोनच्या आत पोलादपूर गाठायचं होतं, लग्नाचं वऱ्हाड न्यायचं होतं. सरांनी मिनिटभर वाट पाहिली, आणखी एक मिनिट पाहिली. मग अगदी हळूच त्यांनी तिच्या हातातून मोबाईल काढून घेतला. रंगूबाई उरलेले आंबे विकायला नुकतीच बसली होती.

प्रियदर्शिनीने स्वतःचा मोबाईल पुढे केला, पण त्याच्यात तो व्हिडिओ नव्हता; जागा होत नाही म्हणून ती ग्रुपवर टाकला की पुसून टाकायची. आणि ग्रुप उघडायला रेंज नव्हती. ती कंपासपेटी सेजलच्या हातात ठेवून जीपकडे चालू लागली. मग परत आली.

‘‘सोनालीताई, पाच दिवस हिला माझ्याकडे पाठवता? महाडला. मी घरी शिकवते. रविवारी चाचणीला मीच घेऊन जाईन.’’

सोनालीने पदर तोंडाला लावला. कवळाच्या ढिगाकडे पाहिलं, मुलीकडे पाहिलं.

‘‘ह्यांना इचारल्याबिगर कशी धाडू, मॅडम? तुमीच इचारा त्यांना.’’

संध्याकाळी महाडला पोचल्यावर तिने सेजलच्या वडिलांचा, मंगेशचा, तो नंबर लावला. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा. पलीकडे फाटकाचं करकरणं ऐकू आलं आणि मग घाबराघुबरा आवाज.

‘‘मॅडम? आज लेट झाला काय? सॉरी हां मॅडम, अजून पाच मिनिट हायत. पाठवतोच. नाव काढू नका.’’

‘‘नाही काढत, मंगेशभाऊ. मी कोंडमाळला जाऊन आले.’’

एक गाडी आत गेली, त्याने बहुतेक सलाम ठोकला.

‘‘मंग तुमाला समजलं,’’ तो म्हणाला.

‘‘समजलं. रागावले नाही मी.’’ तिने मुलीला महाडला आणण्याचं विचारलं.

‘‘तिची आई एकटी पडंल, मॅडम. कवळ तोडून झाली नाय तं राब कसा भाजनार? आनि परक्या घरी पोर कवा ऱ्हायली नाय.’’ मग त्याला एकदम उत्साह आला. ‘‘पन टेन्शन नाय मॅडम. वही फुल रेडी हाय. तुमचा एकेक शब्द लिवलाय. तुमी मधी खोकलात तं तिथं ‘मॅडम खोकल्या’ असं बी लिवलंय. पोरीला वाटलं पायजे ना, वर्गातच बसलोय. वाडीतला चांगू गावाला गेला असता तं त्याच्या हाती धाडली असती, पन ह्या हप्त्यात वाडीचं कोन जात नाय. मीच शिमग्याला घेऊन येतो.’’

‘‘चाचणी रविवारी आहे,’’ ती म्हणाली.

‘‘हां, मालूम हाय ना. रोजचे सगले पेपर भरलेत ना आपन? येक बी दिवस खाडा नाय.’’

शाळेत हजेरी भरली की मूल पास होतं, हे त्याला कुणी शिकवलं? आपणच की, तिला वाटलं. आपणच सगळ्यांनी. साडेसातला फोटो आला. पाचही बरोबर. तिने हिरवी खूण टाकली. टाकली नसती तर त्याला झोप लागली नसती.

बुधवारी तिने सगळे प्रश्न छापून घेतले आणि वर जाणाऱ्या जीपवाल्याच्या हाती दिले. ते गुरुवारी पोचले. वरातीमागून घोडं म्हणतात ते हेच, पण निदान घोडं तरी पोचलं, असं ती स्वतःला सांगत राहिली.

शनिवारी परिषदेत सेजल पडद्यावर भिंतभर दिसली. मागे डोंगर, हातात मोबाईल, मांडीवर फिरणारं बोट. ‘चोवीस’ ऐकू आलं तेव्हा सभागृहाने टाळ्या वाजवल्या. ‘‘एकाग्रता बघा,’’ अनिल सर म्हणाले. त्यांनी प्रियदर्शिनीला उभं राहायला सांगितलं. ती उभी राहिली. तोंड उघडावं असं तिला वाटलं, खरंच वाटलं. पण शेजारच्या बाईंनी तिचा हात दाबून ‘किती छान’ म्हटलं आणि ती बसली.

रविवारी पोलादपूरच्या केंद्रावर सेजल आईबरोबर आली. तेल लावून घट्ट वेण्या, हातात ती कंपासपेटी. छापील कागद तिने सुतळीने बांधून आणले होते. प्रियदर्शिनी दिसताच ती गर्दीतून धावत आली. तिला धीर द्यायला प्रियदर्शिनीने चार वाक्यं जुळवून ठेवली होती.

‘‘मॅडम,’’ सेजल म्हणाली, ‘‘त्या रंगूबाईला शेवटी नफा झाला का तोटा?’’

इथे रेंज होती. प्रियदर्शिनीने घाईघाईने पर्समधून मोबाईल काढला, व्हिडिओ शोधला. पांढरं चाक गोल फिरू लागलं. ‘‘थांब हं,’’ ती म्हणाली. चाक फिरतच होतं तेव्हा घंटा झाली आणि शिपायाने मुलींना आत घेतलं. सेजल मान मागे वळवून बघत बघत गेली.

दोन आठवड्यांनी यादी लागली. ‘भरारी’तल्या चार मुलींची निवड झाली होती. सेजलला शंभरपैकी एकेचाळीस होते. शेवटची निवडलेली मुलगी अडुसष्टावर होती. जो काही अभ्यास तिने केला तो तीन दिवसांत, टेपावर नाही, फोनवर नाही, कुणी सांगायला नाही. त्या एकेचाळिसांचं प्रियदर्शिनीला इतकं वाईट वाटलं, की शून्य मिळाले असते तर बरं झालं असतं असं तिच्या मनात आलं. तिने यादी ग्रुपवर टाकली आणि सगळ्यांचे आभार मानले. दोन दिवसांत पालक एकेक करून बाहेर पडले. कुणी हात जोडले, कुणी गुलाब टाकला, कुणी न बोलताच गेलं. शेवटी ग्रुपमध्ये दोनच नंबर उरले.

ग्रुप बंद करायला तिने अंगठा पुढे नेला तेव्हा साडेसात वाजायला आले होते. तेवढ्यात खाली मजकूर उमटला.

‘मॅडम यादी बघितली. सेजलच्या आईला सांगितले. पोर रडली नाही. पप्पा वही आणा एवढेच म्हणाली.’

ती बघत राहिली. वर ‘टाइप करत आहे’ असं दिसत होतं, जात होतं, पुन्हा दिसत होतं.

‘मॅडम आज पण पाच वाजता व्हिडिओ आला नाही. प्रश्न पण आले नाही. शिमग्याला अजून एकवीस दिवस आहे. वहीत चाळीस पाने कोरी आहे.’

कणीक ओट्यावर तशीच होती. प्रियदर्शिनीने खुर्ची ओढली, फळा भिंतीला टेकवला आणि मोबाईल डब्यावर उभा केला. घसा साफ करायला ती खोकली, आणि मग तिच्या लक्षात आलं की रेकॉर्डिंग सुरू झालं आहे. तिने ते पुसलं नाही.

‘‘तर सेजल,’’ ती म्हणाली, ‘‘आपली रंगूबाई शहाण्णव आंबे घेऊन बसली आहे.’’